लॅमिनेट केलेली चिठ्ठी

इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी माझ्याकडून 'आरोग्याच्या दहा टिप्स' मागितल्या होत्या. दहा सोडा, माझ्याकडे एकही नाही. एकतीस वर्षं इथे हिंदी मुलखात, मुरलीपुऱ्यात, औषधांच्या दुकानात उभी आहे. आता गुडघे बोलतात, आणि टिप्स देणाऱ्यांचा तर मला मनापासून कंटाळा आलाय. तेव्हा जे मला नीट माहीत आहे तेवढंच लिहिते. ते झोपेच्या गोळीबद्दल आहे. आणि थोडं माझ्याबद्दल.

माझ्याबद्दलचं आधी उरकते. वडील रेल्वेत गँगमन. अकोल्याहून बदली होऊन इकडे आले तेव्हा मी चौथीत होते. आमच्या अख्ख्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी. फार्म. झाले, नोंदणी झाली, आणि ते नोंदणीपत्र काचेच्या फ्रेममध्ये दुकानाच्या भिंतीवर लागलं. ते लावावंच लागतं, कायदा आहे. बाबा दर रविवारी यायचे आणि खांद्यावरच्या पंच्याने ती फ्रेम पुसायचे. शेल्फवर बोटभर धूळ असली तरी तिकडे बघायचे नाहीत. फ्रेम तेवढी चकचकीत.

इथे बऱ्याच दुकानांत सर्टिफिकेट भिंतीवर असतं आणि ज्याच्या नावाचं असतं तो माणूस भलतंच काहीतरी करत असतो. मलाही किती जणांनी सांगितलं, "मैडमजी, सर्टिफिकेट किराये पे दे दो, आराम से घर बैठो." मी म्हणायचे, मग मी शिकले कशाला? माझं नाव जिथे टांगलंय तिथे मी उभी राहणार. याचा मला अभिमान होता. अजूनही आहे, पण आता त्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी आठवतं. तेच सांगायचंय.

औषधाच्या काउंटरवर उभं राहणाऱ्याला लोक जे सांगतात ते डॉक्टरला सांगत नाहीत. डॉक्टरपुढे माणूस आवरून-सावरून बसतो. आमच्यापुढे तो घाईत असतो, चप्पल अर्धी घातलेली असते, आणि खरं बोलून जातो. पण एक गोष्ट तो आम्हालाही सांगत नाही, ती म्हणजे झोपेची गोळी. लपवत नाही, त्याच्या ते डोक्यातच येत नाही. "बाकी काय औषधं चालू आहेत?" विचारलं की बीपीची सांगतील, शुगरची सांगतील. झोपेची? ती काय औषध आहे? ती तर झोपेची गोळी.

या गोळ्यांचं एक मोठं कुटुंब आहे, बेंझोडायझेपिन त्याचं आडनाव. नावं बहुतेक 'लाम' नाहीतर 'पाम'वर संपतात: अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम. घाबरलेल्या, झोप उडालेल्या माणसाला थोडे दिवस फार उपयोगी. ज्याने चार रात्री छताकडे बघत काढल्यात त्याला विचारा. गुंगी येते हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ती गोळी डोक्यात जाऊन तिथेच बसत नाही. कोणाच्या पायात उतरते, कोणाच्या डोळ्यांत, कोणाच्या लाळेत, जिभेत. आणि तिथे उतरली की तिला कोणी ओळखत नाही.

जवळच्या चौमूं गावचे एक सेठजी होते, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं त्यांचं. एका सकाळी आले आणि पॉलिथिनच्या पिशवीतून उशीचा अभ्रा काढून माझ्या काउंटरवर ठेवला. ओला.

"ये देखो मैडमजी. रोज का यही है."

"सेठजी, उचला आधी तो!"

झोपेत तोंडातून लाळ गळायची. त्यांनी ठरवूनच टाकलं होतं की लकवा येणार. जबड्याला तेल लावायला माणूस ठेवला होता, मुलाला दुकानाच्या किल्ल्या कुठे असतात ते दाखवून झालं होतं. मी विचारलं, रात्रीची गोळी कधीपासून? "वो? वो तो दो महीने हुए. वो दवा थोड़े ही है." क्लोनाझेपाम होती. तिने काही जणांना लाळ सुटते. डॉक्टरांकडे परत पाठवलं, डॉक्टरांनी गोळी बदलली, अभ्रा वाळला. लकवा नाही म्हटल्यावर सेठजी जरा खट्टूच झाले, कारण तोवर अर्ध्या चौमूंला सांगून झालं होतं.

दुसऱ्या आमच्या मागच्या गल्लीतल्या शाळेच्या बाई. करवा चौथच्या दुसऱ्या दिवशी आल्या त्या खालच्या आवाजात, "दीदी, कल छलनी में चांद दो दिखे."

"दोन?"

"दो. फिर इनकी तरफ देखा, तो ये भी दो." आणि जरा थांबून, "मैंने मन में कहा, हे भगवान, एक ही नहीं संभलता."

दोघी काउंटरला धरून हसलो. गोळीने डोळ्यांचे स्नायू सैल पडतात, एकाचे दोन दिसतात. त्यांचीही मात्रा डॉक्टरांनी हळूहळू उतरवली. महिन्याने सांगून गेल्या, "अब एक ही हैं. क्या करें."

हे किस्से मी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात सांगत आले. लोक हसायचे, म्हणायचे, ताईंना किती माहिती! मलाही तसंच वाटायचं. आणि त्याच काळात, दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, इंगळेकाकू माझ्यासमोर उभ्या राहायच्या.

काकूंचे यजमान रेल्वेत, माझ्या बाबांच्याच गँगमध्ये होते. अकोल्याकडचेच. ते गेले तेव्हा काकूंची झोप गेली. तेव्हाच्या डॉक्टरांनी अल्प्राझोलाम लिहून दिली, रात्री एक. काकूंचा मुलगा प्रशांत सीतापुऱ्यात एका एक्स्पोर्टच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याने काय केलं, ती चिठ्ठी लॅमिनेट करून आणली.

बाहेरच्या माणसाला यात विचित्र वाटेल. आम्हाला नाही वाटत. आमच्याकडे सगळं लॅमिनेट होतं. जातीचा दाखला, रेल्वेचं मेडिकल कार्ड, दहावीची मार्कशीट. ज्यांच्या आज्या-पणज्यांकडे नावाचा एक कागद नव्हता, ती माणसं कागद भिजू देत नाहीत. माझ्या बाबांनी माझ्या कॉलेजच्या फीची पावतीसुद्धा लॅमिनेट केली होती. म्हणून काकूंनी ते चकचकीत कार्ड पर्समधून काढलं, तेव्हा मला बरंच वाटलं. म्हटलं, किती नीट ठेवलंय.

आता या धंद्यातली एक गोष्ट सांगते. अशी गोळी दिली की आम्ही चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का मारायचा, तारीख घालायची. म्हणजे तोच कागद पुन्हा पुन्हा चालत नाही. पुन्हा हवी तर डॉक्टरकडे जा, त्याने पुन्हा तपासावं, पुन्हा लिहावं. शिक्का एवढ्यासाठीच असतो. पहिल्या महिन्यात मी काकूंच्या चिठ्ठीवर शिक्का मारला. प्लास्टिकवर शाई धरेना. काकूंनी पदराने पुसलं आणि कार्ड परत पर्समध्ये. दुसऱ्या महिन्यात मी शिक्का उचलला आणि खाली ठेवला. तिसऱ्यांदा उचललाच नाही.

नऊ वर्षं.

त्या चिठ्ठीवर 'पंधरा दिवस' असं लिहिलेलं होतं. प्लास्टिकमुळे अक्षर जसंच्या तसं राहिलं होतं, पुसलं नव्हतं, फिकं पडलं नव्हतं. पहिल्या वेळी मी ते वाचलं होतं. पुढे मी चिठ्ठी वाचायचं सोडलं आणि नुसती ओळखू लागले, जशी गल्लीतली माणसं ओळखतो तशी. काकू दिसल्या की हात आपोआप त्या खणाकडे जायचा.

काकू दर वेळी विचारायच्या, "बसू काय व मीना, जरासाक?" दुकानात एक प्लास्टिकचं स्टूल आहे. मी म्हणायचे, "काकू, झालंच बघा," आणि त्या बसायच्या आत स्ट्रिप त्यांच्या हातात. तत्पर सेवा. एकदा म्हणाल्या, पाय गादीवर पडल्यावानी पडते. मी म्हटलं, वय झालं काकू. एकदा तोंडाच्या चवीचं काहीतरी सांगत होत्या, तेव्हा माझा फोन वाजला.

मग दोन वर्षांपूर्वी सीकर रोडवरच्या दुकानांची तपासणी सुरू झाल्याचं कानावर आलं. मला एकदम माझा धर्म आठवला. घरी बसून स्वच्छ अक्षरात पाटी लिहिली, 'जुन्या चिठ्ठीवर झोपेची गोळी मिळणार नाही', हिंदीत आणि मराठीत, आणि काचेला लावली. चार जणांशी भांडले. फार हुरूप आला होता. काकू आल्या, कार्ड पुढे केलं.

"काकू, यावर आता नाही देता येणार."

"काहून व? नऊ वर्सं चाललं, आज काय झालं?"

"कायदा आहे. नवीन चिठ्ठी आणा डॉक्टरांची."

"तो डाक्टर तं कोट्याले गेला. प्रशांतले टाइम नाही. गोळ्यायचा एक पत्ता दे नं, पुढच्या वक्ती आणतो."

"नाही म्हणजे नाही, काकू. तुम्हाला दिली तर बाकीच्यांना काय सांगू?"

काकू कार्ड पदराने पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. बसू काय जरासाक? तुले एक सांगाचं होतं, माह्या तोंडात कसं..."

"काकू, मागे लाइन आहे."

त्या गेल्या. मला वाटलं, आज बाबा असते तर फ्रेम पुसताना खूश झाले असते.

एक वाक्य बोलायला हवं होतं: ही एकदम बंद करू नका. इतकी वर्षं रोज घेतलेली ही गोळी झटक्यात थांबवली तर शरीर उलटतं, कधी कधी जिवावर येतं. हे मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं, त्याचे मार्कही मिळाले होते. काउंटरवर मात्र तोंडातून आलं नाही. मी कायदा सांभाळत होते.

चौथ्या दिवशी काकूंची सून स्नेहा आली. नागपूरची मुलगी, सडेतोड. तोंड धुवायचं औषध आणि जीभ घासायची पट्टी मागितली.

"काय गं, कोणाला?"

"आईंना. काय सांगू ताई तुम्हाला! महिनाभर चाललंय, तोंडात लोखंड लागतं म्हणे. नाणं चाटल्यासारखं. ॲल्युमिनियमची भांडी काढली, स्टीलची आणली. मग म्हणे स्टीलचंच लागतं. मातीची हंडी आणली. पाण्याच्या फिल्टरवाल्या भैयाला दोनदा बोलावलं. आता चार दिवसांपासून तर हद्द झाली, म्हणतात माझ्या हातालाच लोखंड आहे! मी रांधलेलं खात नाहीत."

"अगं, म्हाताऱ्या माणसांचं..."

"आणि कुकरची शिट्टी झाली की कानात बोटं घालून रडतात. चादर दहा वेळा झटकतात, मुंग्या आहेत म्हणून. एक मुंगी नाही हो ताई. प्रशांत म्हणतो, मम्मीचं डोकं फिरलं, गावी काकांकडे पाठवून देऊ. मला बरं वाटतं का ते? पण मी तरी काय करू?"

धातूची चव, आवाज सहन न होणं, कातडीवर मुंग्या. कोणी मला परीक्षेत विचारलं असतं तर झोपेत उत्तर दिलं असतं. महिनाभर जी थोडी थोडी चव येत होती तीही बहुधा त्याच गोळीची, कारण तिचा अंमल लवकर उतरतो आणि शरीर पुढची गोळी मागायला लागतं. आणि चार दिवसांपासून का वाढलं, ते माझ्या काचेवर दोन भाषांत लिहिलेलं होतं. मी स्नेहाला तोंड धुवायचं औषध दिलं. दिवसातून दोनदा, जेवणानंतर, असं समजावूनही सांगितलं.

सातव्या दिवशी दुपारी प्रशांत आला. शर्ट बाहेर आलेला, कपाळावर घाम. जवळच्या एका हॉस्पिटलची चिठ्ठी हातात. त्यांच्या स्टोअरमध्ये नव्हतं म्हणून बाहेरून आणायला पाठवलेलं.

"दीदी, जल्दी."

मी चिठ्ठी वाचली. या वेळी खरंच वाचली. फिट थांबवायचं इंजेक्शन होतं.

"हे कोणासाठी?"

"मम्मीला... मतलब, फिट आली. किचन में. पडली, हात भी टूट गया. ते म्हणतात डोक्याचा स्कॅन करायचा, गाठ असू शकते."

"प्रशांत, त्यांना सांगितलंस का, कोणती औषधं चालू होती ते?"

"हां, बीपी की बताई."

"आणि झोपेची?"

त्याने बाहीने घाम पुसला. "वो... वो तो बंद है ना. आपने ही तो बंद की."

मी इंजेक्शन घेतलं आणि दुकान उघडं टाकून निघाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. शेजारच्या चपलांच्या दुकानदाराला म्हटलं, भैया, नजर ठेवा, आणि प्रशांतच्या स्कूटरवर मागे बसले. वाटेत तो एकच वाक्य बोलला, "दीदी, आपने बताया भी नहीं कि ऐसा होता है." मी म्हटलं, "नाही सांगितलं."

तिथला डॉक्टर माझ्या निम्म्या वयाचा असेल. त्याच्यासमोर उभी राहिले. दुकान, परवाना, भिंतीवरची फ्रेम, सगळं डोळ्यांसमोर आलं. खोटं कशाला लिहू, क्षणभर मनात आलं की नुसतं इंजेक्शन देऊन परत जावं, तो शोधेल आपोआप. मग पडद्यामागून काकूंचा आवाज आला. नर्सला म्हणत होत्या, "पाण्यात लोखंड हाय व बाई."

मी त्याला सांगितलं. अल्प्राझोलाम, नऊ वर्षं रोज, सात दिवसांपूर्वी एकदम बंद. तो लिहिता लिहिता थांबला.

"नौ साल? किसने दी?"

"मैंने."

"और बंद किसने की?"

"वो भी मैंने ही."

मला वाटलं, आता ओरडेल. तो खुर्चीत मागे टेकला आणि दमलेल्या आवाजात म्हणाला, "अच्छा हुआ आप आ गईं. हम तो गांठ ढूंढ रहे थे." एवढंच. स्कॅन झालाच, त्यात काही निघालं नाही. त्याने त्याच कुटुंबातली जास्त वेळ टिकणारी गोळी सुरू केली आणि ती हळूहळू उतरवायचा तक्ता करून दिला. आठ महिन्यांचा. ओरडला असता तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं.

ते आठ महिने मी दर रविवारी इंगळ्यांकडे गेले. स्नेहा आणि मी गोळी कापायच्या छोट्या डबीत गोळ्या कापायचो. आधी पूर्ण, मग पाऊण, मग अर्धी. एकेका पायरीला तीन-तीन आठवडे. काकू प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बघत बसायच्या.

"एवढुशी? चिमणीले चारतेस काय?"

"काकू, डॉक्टरांनी सांगितलंय."

"तूच सांगत होतीस नं, काहीच मिळणार नाही म्हणून? आता घरी आणून देतेस."

टोमणा बरोबर लागायचा. मी पुढची गोळी डबीत ठेवायचे. सोपं नव्हतं ते. अर्ध्यावरून खाली येताना पुन्हा चव आली, पुन्हा कुकरची शिट्टी सोसेना. स्नेहाने दोन महिने कुकर लावलाच नाही, पातेल्यात डाळ शिजवली. लोखंडाच्या हाताची सून! प्रशांतने गावी पाठवायचं पुन्हा काढलं नाही. आणि काकूंनी एका रविवारी, मी काही विचारलं नसताना, सांगितलं, "तुह्यावर राग हाय माहा. पण गोळीचा नाही. बसू देत नव्हतीस, त्याचा."

झोप त्यांना अजून पूर्वीसारखी येत नाही. पहाटेच जाग येते. मग मला फोन करतात, "उठलीस काय?" मी उठलेली असते. माझीही झोप त्यानंतर जरा उडालीच. गोळी घेत नाही.

ती जुनी चिठ्ठी मी काकूंकडून मागून घेतली. फाडायला गेले तर फाटेना, आम्हा लोकांचं लॅमिनेशन पक्कं असतं. आता ती माझ्या नोंदणीपत्राच्या फ्रेमच्या कोपऱ्यात खोचलेली आहे, 'पंधरा दिवस' दिसेल अशी. फ्रेम रविवारी मीच पुसते, आणि ते कार्डही.

गोळी पूर्ण थांबल्यावर महिन्याभराने काकू दुकानात आल्या. मी आधी स्टूल ओढलं. समोरच्या थडीवरून, म्हणजे टपरीवरून, चहा मागवला. काकूंनी पहिला घोट घेतला आणि थांबल्या. मी स्ट्रिप कापायची कात्री हातात धरून तशीच उभी.

"काय झालं काकू? लोखंड लागतंय का?"

"अद्रकच नाही व याच्यात," काकू म्हणाल्या. "कसला पाणचट चहा पेतेस तू."

इतकी बरी तक्रार मी इतक्या वर्षांत ऐकली नव्हती.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. पन्नाशीचा माणूस, हेल्मेट डोक्यावरच. त्याने मोबाइल पुढे केला. स्क्रीनवर झोपेच्या गोळीच्या चिठ्ठीचा फोटो. आजकाल असंच असतं. मोबाइलच्या काचेवर शिक्का कुठे मारायचा, ते कोणी सांगितलेलं नाही. मी फोटो बोटांनी मोठा केला, तारीख बघितली. चार वर्षांपूर्वीची.

"मैडमजी, जल्दी दे दो, यही चलती है."

मी काही बोलायच्या आत काकू उठल्या. बरा झालेला, पण जरा वाकडाच राहिलेला हात टेकून उठल्या, आणि स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"बैठो भाई," काकू त्यांच्या हिंदीत म्हणाल्या. "पैले इसको सब बताओ. अब्बी ये सुनती हाय."

तो हेल्मेट काढून बसला. मी चष्मा पुसला आणि विचारलं, "तोंडाला चव कशी आहे?"